दहाही बैल सुलटे

मी जळका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाईतर मधातच कोणी म्हणायचं की प्रफुलनं गोष्ट आपल्या बाजूनं सांगितली. वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे गावात माझी ट्युशन चालते, अकरावी-बारावीचं फिजिक्स. पोरांसमोर मी साफ पुस्तकी मराठी बोलतो. पण जळायचं म्हटलं की मले वऱ्हाडीच लागते, त्याले इलाज नाई.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. तेव्हा मी वर्ध्याच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होतो. तासिकेवर म्हणजे कायमचं काहीच नाई, दर जूनमध्ये पुन्हा अर्ज अन् पुन्हा हात जोडणं. असे चार जून मी काढले होते. त्या वर्षी फिजिक्समध्ये एक कायमची जागा निघाली. हेड होते प्रभाकरराव सर. सर ज्याच्या नावाची चिठ्ठी संस्थेले लिहितील त्याले ती जागा, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांले ठाऊक होतं. अन् ती जागा माझी होती. चार वर्षं सरांच्या लेसरच्या काचा मी पुसल्या. बोरगाव मेघेले त्यांच्या घरी गॅसचं सिलेंडर मी सायकलवर नेऊन दिलं. मंग निकेश आला.

निकेश हिंगणघाटकडच्या वडनेरचा, शेतकऱ्याचा पोरगा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तोही तासिकेवरच. दिसायले काही नाई, बोलायले काही नाई, खताच्या धुतलेल्या पिशवीतून पुस्तकं आणायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं सरांले असा काही प्रश्न विचारला की सर खुर्चीतून उठून फळ्याजवळ गेले अन् अर्धा तास तिथंच उभे राह्यले. माझ्या चार वर्षांत माझ्या एकाही प्रश्नाले सर खुर्चीतून उठले नव्हते. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायले लागलं ते ओव्यानं थांबणारं नव्हतं.

सरांच्या घरी गेलो की शोभाबाई, म्हणजे सरांच्या घरच्या, आम्ही त्यांले काकू म्हणायचो, दारातच त्याले विचारत, "जेवला का रे?" अन् मले विचारत, "चहा घेशील?" तुम्ही म्हणाल, येवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसला. पण सिलेंडर मी नेत होतो. चार वर्षांत मले कोणी जेवला का म्हणून विचारलं नव्हतं.

आता सरांचा नाद सांगतो, कारण सगळं त्यातूनच झालं. लेसरचा उजेड एखाद्या बारक्या चित्रातून अन् मंग भिंगातून पाडला तर समोरच्या पडद्यावर ते चित्र उमटत नाई. ठिपक्यांची अन् पट्ट्यांची एक नक्षी उमटते. ती नक्षी पाहून मूळ चित्र सांगायचं, एवढाच नाद. पण मेख एवढ्यातच होती. उजेड म्हणजे लाट. लाटेच्या दोन गोष्टी असतात. तिचा जोर किती ही एक, अन् पडद्यावर पोचली तेव्हा ती चढावर होती का उतारावर ही दुसरी. ह्या दुसरीले फेज म्हणतात. फोटोची फिल्म जोर टिपते. फेज वाहून जाते. अन् चित्राचा आकार सगळा त्या फेजमध्येच असते.

गेलेली फेज परत कशी आणायची, ते मी पोरांले माझ्या बापावरून सांगतो. माझा बाप हिरालाल, सिंदीत कापसाची दलाली करते. रुईची लांबी पाहायची तर तो चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरते, ओढते, एकावर एक ठेवते, पुन्हा ओढते. वीस-पंचवीस वेळा तेच. हळूहळू सारे तंतू एका रेषेत येतात अन् मंग लांबी सांगता येते. आमचं कामही तसंच होतं. फेज आधी मनानंच धरायची, काहीही. ती घेऊन कॉम्प्युटरवर मागं यायचं, की एक चित्र येते. चित्र कसलं, कचराच. पण आपल्याले एक गोष्ट माहीत असते, की खरं चित्र अमुक चौकटीच्या आत आहे अन् बाहेर काळोख आहे. म्हणून चौकटीबाहेरचं सगळं पुसायचं. पुसलेलं चित्र घेऊन पुन्हा पडद्यावर जायचं. तिथं जोर आपला मोजलेला टाकायचा, फेज मात्र नवीन आली तीच ठेवायची. पुन्हा मागं, पुन्हा पुसणं, पुन्हा समोर. अशा हजार फेऱ्या. दर फेरीले कॉम्प्युटर एक आकडा दाखवते, किती चुकलं त्याचा. तो आकडा खाली यायची वाट पाहत बसायचं.

ऑगस्टच्या सुरुवातीले सरांनी आम्हा दोघांले लॅबमध्ये बोलावलं. म्हणाले, "चित्र मी लपवून ठेवतो. नक्षी तुम्हाले देतो. कोणतं चित्र आहे ते शोधा, दहा-दहा वेळा नव्यानं सुरुवात करून शोधा, अन् पोळ्याच्या आधी मले दाखवा. ज्याचं काम साफ, त्याच्या नावाची चिठ्ठी." माझ्या छातीवरचा दगड अर्धा उतरला, अर्धा वाढला. उतरला कारण चिठ्ठीची भाषा पहिल्यांदा निघाली. वाढला कारण ती दोघांसमोर निघाली.

चित्र काकूंनी काळ्या कागदाचं कापलं होतं. स्टेशनजवळच्या गुलाबभाऊंच्या फोटो स्टुडिओत त्याचा फोटो काढून नखाएवढी फिल्म केली. ती फिल्म सरांनी लेसरसमोर लावली, नक्षीचे फोटो काढले, अन् फिल्म लिफाफ्यात घालून लाखेनं बंद केली. नक्षी एका प्रेसमध्ये, जिथं लग्नपत्रिका छापतात तिथं, स्कॅन केली अन् एकेक फ्लॉपी आमच्या हातात दिली. वर सांगितलं की चित्र मधल्या चौरस चौकटीच्या आत कुठंतरी आहे. बाकी काही नाई.

कॉम्प्युटर एकच होता. मी मोठा म्हणून सकाळची पाळी मी घेतली. निकेशले दिली दुपारची. दुपारी लाईट जायची, हे मले चांगलं माहीत होतं. हजार फेऱ्यांले वीस मिनिटं लागत, अन् अठराव्या मिनिटाले लाईट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तो वही काढून लाईट येईपर्यंत काहीतरी लिहीत बसे. तो भांडला असता तर मले बरं वाटलं असतं.

दोन आठवडे माझ्या पाळीत एकच भानगड येत राह्यली. आकडा खाली येई, येई, अन् मधातच अडून बसे. स्क्रीनवर दिसे एक विचित्र जनावर, खाली पाय, वर पाय, दोन्हीकडं टोकं. मी सुरुवात बदलली, फेऱ्या वाढवल्या, देवाले नारळ कबूल केलं. जनावर तेच.

एक दिवस कॉलेजसमोरच्या टपरीवर आलुबोंडा खाता खाता निकेश म्हणे, "भाऊ, तुमचंबी दोन्हीकडं पायवालं येऊन राह्यलं का?"

मी म्हटलं, "नाई. माझं बरोबर चाललंय."

"माह्यं तर तेच येऊन राह्यलं. मंग मी लाईट नसताना वहीवर करून पाह्यलं. कोन्तंबी चित्र घ्या अन् ते पुरं फिरवून उलटं करा, खालचं वर, डावं उजवीकडं. दोघायची नक्षी एकच येते. जोर सारखाच. म्हणून मशीनले दोन्ही चित्रं खरी वाटतात अन् ते दोन्ही एकावर एक काढते. ठरवता येऊन नाई राह्यलं त्याले." बोंड्याचा तुकडा हातात तसाच ठेवून तो बोलत होता. "म्हणून मी काय करतो, थोड्या फेऱ्या चौकटीचा एक भाग झाकून ठेवतो. दोघांतलं जे जराशिक जोरात असन ते पुढं येते, दुसरं दबते. मंग झाकण काढतो. तुम्हीबी करून पाहा."

असं सगळं त्यानं मले टपरीवर बसून देऊन टाकलं. ज्या जागेसाठी मी रात्री कूस बदलत होतो त्या जागेची चावी तो चटणीसोबत वाटून राह्यला होता. मले त्याचा इतका राग आला की बोंडा गिळला जाईना. त्याची युक्ती वापरली तर जिंकूनही तोच जिंकल, म्हणून मी ठरवलं की मरून जाईन पण वापरणार नाई. अन् रागाच्या भरात त्याच्या बोलण्यातला अर्धाच भाग माझ्या कानात शिरला. झाकण्याचा ऐकला. त्याआधीचा, दोन्ही चित्रांची नक्षी एकच असते हा, मी ऐकून न ऐकल्यासारखा सोडून दिला.

त्याच आठवड्यात जागेच्या अर्जाले पासपोर्ट फोटो लागले म्हणून मी गुलाबभाऊंच्या स्टुडिओत गेलो. फोटो काढून झाला. उठता उठता पाह्यलं तर काउंटरच्या काचेखाली काळ्या कागदाचा एक बैल. चाकांवर उभा, शिंगं टोकदार, वशिंड नीट गोल काढलेलं. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल असते ना, पोरं दोरी बांधून ओढत नेतात तो, तसाच हुबेहूब.

माझं पाऊल तिथूनच वळायले पायजे होतं. मी काय केलं, काचेवर बोट ठेवून विचारलं, "हे सरांचं का, गुलाबभाऊ?"

"हो ना. बाईंनी कापला. किती सुबक हात आहे पाहा. न्याचाच राह्यला सरांचा. तुम्ही तिकडंच जाता, नेऊन देता का?"

मी म्हटलं, देतो.

बैलच निघायचा होता माझ्या नशिबी. सिंदीचा तान्हा पोळा पाहायले लोक कुठून कुठून येतात, माणसाएवढाले लाकडी बैल सजवून निघतात. लहानपणी सात वर्षं मी माझा बैल त्या गर्दीत ओढत नेला, अन् सात वर्षं परीक्षक दुसऱ्याच्याच बैलापुढं थांबले. तो बैल मी त्या दिवशी वहीत घालून घरी आणला. सकाळी ग्राफ पेपर खाली ठेवला अन् पेन्सिलीनं कडेकडेनं फिरवून घेतला. आतल्या घरांत एक, बाहेरच्या घरांत शून्य. दुसऱ्या दिवशी कागद गुलाबभाऊंले परत दिला, म्हटलं मले जमत नाई, तुम्हीच द्या.

माझ्या मनाची समजूत मी अशी घातली, की उत्तर काही मी लिहून देत नाई, गणित मशीनच करते. मी फक्त चौकट जरा आवळतो. सरांनी चौरस चौकट दिली, मी बैलाच्या अंगासरशी घेतो, इतकाच फरक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर दिवाळी सुरू होती. फिल्मवर बैल केवढा आला ते माहीत नव्हतं म्हणून तीन मापं करून पाह्यली. दोन जुळली नाई. तिसरं टाकलं अन् साठ फेऱ्यांत आकडा खाली. स्क्रीनवर बैल उभा, चाकं खाली, शिंगं वर.

दहा वेळा नव्यानं सुरुवात केली. दहाही वेळा बैल उभा, दहाही वेळा चाकं खाली. सुटीचा एक पूर्ण दिवस मी तो बैल पाहत बसलो होतो.

त्या दिवसांतच एकदा निकेश कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्याचा चेहरा उजळला होता. "भाऊ, बैल हाये. पण पाय वर."

मी म्हटलं, "मेलेला बैल हाये का बे?"

तो हसला, खरंच हसला, अन् म्हणे, "उद्या उठून बसन."

पोळ्याच्या आधीच्या शनिवारी दुपारी सरांनी आम्हाले बोलावलं. लॅबमध्ये आम्ही तिघंच. लिफाफा टेबलावर, लाख तशीच. आधी निकेश. त्यानं दहा खेपांचा तक्ता आणला होता. चार वेळा बैल सुलटा, पाच वेळा उलटा, एक खेप अडकली ती अडकलीच, तीही लिहिली होती. फेऱ्या कधी सातशे, कधी अकराशे. चित्राच्या कडा जरा फाटक्या. सर मान हालवत राह्यले.

मंग मी. माझे दहा कागद मी एका ओळीत मांडले. "साठ फेऱ्या, सर. फार झाल्या तर सत्तर. कडा पाहा. अन् एकही खेप वाया नाई." तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण मले निकेशच्या त्या पाच उलट्या बैलांवर पाय ठेवायचा होता. म्हणून मी वरून म्हटलं, "अन् माझा एकदाही उलटा आला नाई सर. दहाही सुलटे."

सरांनी चष्मा काढला. "एकदाही नाई?"

"एकदाही नाई."

"दोघांचेही प्रोग्राम छापा," सर म्हणाले. प्रिंटरजवळ निकेश बसला, कारण तो प्रिंटर कागद गुंतवायचा अन् त्याले निकेशचाच हात मानवत असे. आधी माझी फ्लॉपी घातली. प्रिंटर करकर करत ओळी ओढायले लागला.

सरांनी लाख फोडली, फिल्म उजेडात धरली. बैलच होता. मंग ते फिल्म बोटांत फिरवत माझ्याशी बोलले, अगदी शांत. "प्रफुल, ही फिल्म मी स्टँडमध्ये न पाहता लावली होती. मुद्दाम. बैलाची चाकं वर होती का खाली, मलेच माहीत नाई. नक्षी दोन्हीची एकच असते. मशीनले काही माहीत नाई की बैल चाकांवर उभा राहते. मंग तुझ्या मशीनले दहाही वेळा कसं कळलं?"

टपरीवर सोडून दिलेलं निकेशचं वाक्य आता पूर्णच्या पूर्ण आठवलं. दहापैकी पाच-सहाच सुलटे आले असते तर कोणाचं लक्ष गेलं नसतं. अति तेथे माती, अन् माती मी माझ्या हातानं आणून टेबलावर मांडली होती.

प्रिंटर चालूच होता. मी तिकडं पाह्यलं. जो कागद बाहेर येऊन राह्यला होता त्यावर माझी चौकट छापली जात होती. सगळीकडं शून्यं, अन् मधात एकांचा भरलेला बैल. शिंगं, वशिंड, चाकं. आंधळ्यालेही दिसला असता. निकेशनं तो पाह्यला. मंग त्यानं कागद टोचलेल्या रेषेवर हलकेच फाडला, चार घड्या घातल्या अन् शर्टाच्या खिशात ठेवला. सरांची पाठ तिकडं होती.

"सर," तो तिथूनच बोलला, "भाऊनं चौकट तिरपी धरली असन. मीच म्हणलं होतं त्याले, एक कोपरा कापून पाहा म्हणून. तिरपी चौकट धरली का बैल एकाच बाजूनं बसते. दुसरा आतच मावत नाई."

सरांनी विचार केला. "असं होय," म्हणाले. "हो, तिरप्या चौकटीत तसं होईल. मले सुचलं नाई." माझ्याकडं पाहून हसले. "घाबरवलंस मले. मंग तर तुझं काम जास्त साफ आहे, निकेशहूनही." अन् त्यांनी ड्रॉवरमधून लेटरपॅड काढलं, पेनचं टोपण काढलं, अन् तारीख घालून लिहायले लागले.

मी उभ्यानं वाचत होतो. आदरणीय सचिव महोदय. सप्रेम नमस्कार. मंग माझ्या नावातला प्र.

चार जून मी ज्याची वाट पाह्यली ते कागदावर उतरत होतं. मी निकेशकडं पाह्यलं. मले वाटलं तो माझ्याकडं पाहीन. डोळ्यांनी सांगीन की बघ, वाचवलं तुले, ध्यानात ठेव. नाई. तो माझे राहिलेले कागद नीट लावून टाचणी मारत होता. त्याच्या हातून जागा गेली होती अन् तो टाचणी मारत होता. खिशाले त्या घडीचा फुगवटा दिसत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं ते खरं सांगतो. खोटं केलं त्याची लाज नाई आली. असं आलं की आता जन्मभर मी ह्याच्या खिशात. रोज सकाळी स्टाफरूममध्ये ज्या खुर्चीवर बसीन ती ह्यानं दिलेली. सरांपुढं तो मोठा, काकूंपुढं मोठा, अन् आता माझ्यापुढंही मोठा, अन् ते फक्त आम्हा दोघांले माहीत. अंगाचा असा तिळपापड झाला की मले ती चिठ्ठी नको झाली. त्याच्याकडून काहीही घ्यायपेक्षा पकडलं गेलेलं बरं.

मी दोन पावलं गेलो, त्याच्या खिशातला कागद ओढून काढला अन् उलगडून लेटरपॅडवर ठेवला. "सर, मी गुलाबभाऊंकडं बैल पाहून आलतो," मी म्हटलं. "चौकट तीच आहे."

सरांचं पेन कागदावरच राह्यलं, त्याखाली शाईचा ठिपका पडला. त्या शून्य-एकांच्या बैलावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मंग पेन बंद केलं.

"बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले. "मले कळलं नसतं."

चिठ्ठी निकेशच्या नावानं गेली. मी सोमवारपासून कॉलेजात गेलो नाई. म्हटलं, आता लोक थुंकतील. पण माझ्या नशिबाची थट्टा पाहा. सरांनी ही गोष्ट ज्याले सांगितली त्याले शेवटाकडूनच सांगितली. जागा हातात आलती, चिठ्ठी अर्धी लिहून झालती, अन् पोरगा उठून खरं बोलला. वर्ध्यात मी एकदम सत्यवादी झालो. लोक रस्त्यात थांबवून पाठीवर हात ठेवत. महिन्याभरानं काही सर्टिफिकेटं आणायले सरांच्या घरी गेलो तर काकू दारातच म्हणाल्या, "जेवला का रे?" मी म्हटलं, जेवून आलो. उपाशी होतो.

मंग मी सिंदीत ट्युशन काढली. सकाळी शिकवतो, हंगामात बापासोबत रुई ओढतो. निकेश तिकडं वाढत गेला. मी त्याची खबर ठेवत होतो, खरुज खाजवल्यासारखी. लग्न झालं, सपना नावाची मास्तरीण केली. बंगळुरूले जाऊन आला. पीएचडी झाली. दर बातमीले मी एकच गोष्ट मनाशी म्हणायचो, की तू किती का मोठा होईनास, एक गोष्ट अशी आहे की जी मले माहीत आहे अन् तुले नाई. तुम्ही सारे मले खरा समजता, अन् मी जळून बोललो होतो. तुमच्या साऱ्या गणितात ही एक चूक आहे अन् ती माझ्याजवळ आहे. आठ वर्षं मी त्या एका गोष्टीवर काढली.

दोन हजार पाचच्या तान्ह्या पोळ्याले तो सिंदीले आला. बाहेर बैलांची मिरवणूक, ताशे, गुलाल. तो माझ्या ट्युशनच्या खोलीत शिरला, वाकून नमस्कार करायले लागला, मी हात धरला. केस थोडे पिकले होते. पिशवी मात्र खताचीच. त्यातून त्यानं काळ्या पुठ्ठ्याचा प्रबंध काढला अन् पहिलंच पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. आभाराची पहिली ओळ माझ्या नावाची होती, सरांच्याही आधी. लिहिलं होतं, खरं चित्र म्हणजे काय हे प्रफुलभाऊंनी एका दुपारी शिकवलं.

माझ्याच्यानं राह्यलं नाई. आठ वर्षं जपलेलं मी काढलं अन् त्याच्या तोंडावर मारलं. "हे खोड. मी खरं बोलायचं म्हणून बोललो नव्हतो. तुझे उपकार नको होते म्हणून बोललो. तू त्या दिवशी माझ्याहून मोठा झाला ते मले पाहवलं नाई. जळून बोललो मी, समजला?"

मले वाटलं त्याचा चेहरा पडन. त्यासाठीच तर बोललो होतो.

तो म्हणे, "मले माहीत हाये, भाऊ."

"काय माहीत आहे?"

"तवाच समजलं होतं. तुम्ही कागद वढला तवा माह्या खिशाची शिवण उसवली. खरं बोलाले आलेला माणूस असा नाई वढत." तो प्रबंध माझ्याकडं सरकवत होता. "पण सरांपुढं जे आलं ते एकच होतं ना. आतून उलटं होतं का सुलटं, बाहेरून सांगता येत नाई. मंग आपणच एक धरावं लागते. मी सुलटं धरलं."

चहा आला. त्यानं बशीत ओतून सावकाश पिला, बाबांची तब्येत विचारली, मिरवणूक सरकायच्या आत बस पकडायची म्हणून उठला. "वडनेरले येजा एकदा," म्हणे. मी दारापर्यंत गेलो. गर्दीत तो लवकर दिसेनासा झाला.

परत येऊन मी प्रबंधासमोर बसलो. इतकी वर्षं माझ्याजवळ फक्त तेवढंच होतं जे त्याले माहीत नव्हतं. तेही त्याच्याजवळ आधीपासूनच होतं.